चालता चालता फोन चार्ज होईल का? कंपनांपासून वीज, आणि त्यामागचा खरा हिशोब

तुम्हीही ती रील नक्की पाहिली असेल. एक मुलगा बुटात एक गोल पितळी चकती बसवतो, चार पावलं टाकतो आणि खाली एलईडी लुकलुकतो. पुढच्याच सीनमध्ये त्या बुटाची वायर फोनला लावलेली आणि स्क्रीनवर चार्जिंगचं चिन्ह. खाली हजारो लोकांचं एकच म्हणणं: "एवढं सोपं आहे तर कंपन्या हे का बनवत नाहीत?"

प्रश्न अगदी योग्य आहे. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत मला कॉलेजच्या ज्युनियर्सचे मेसेज येतात, "दादा, फायनल इयरला फूटस्टेप पॉवर जनरेशन घेतोय, कोडिंगमध्ये मदत करशील?" आमच्या बॅचमध्येही दोन ग्रुपनी हाच प्रोजेक्ट केला होता. एलईडी लागतो, परीक्षक खूश होतात, आणि त्या एलईडीपासून फोनपर्यंतचं अंतर किती आहे हे कोणी मोजतच नाही. आज आपण ते मोजूया. गणित आठवीच्या पलीकडचं नाही, काळजी नको.

वीज येते कुठून?

हलणाऱ्या गोष्टीपासून वीज काढायच्या मुख्य पद्धती तीन.

पहिली, चुंबक आणि तारेचं वेटोळं. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं की वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज वाहते. धरणावरच्या जनरेटरपासून सायकलच्या डायनामोपर्यंत सगळे याच तत्त्वावर चालतात. हलवून पेटणारी टॉर्च पाहिली आहे ना? तिच्या आतही एक चुंबक वेटोळ्यातून पुढे-मागे सरकत असतो.

दुसरी, पायझोइलेक्ट्रिक पद्धत. १८८० मध्ये पॅरिसमध्ये जाक आणि पिएर क्युरी या दोन भावांनी शोधलं की क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार तयार होतो. (हे तेच पिएर क्युरी, पुढे मेरी क्युरींचे पती.) उलटंही खरं आहे, अशा स्फटिकाला वीज दिली की तो किंचित आकार बदलतो. तुमच्या घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो तो याचमुळे.

याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण स्वयंपाकघरात आहे. गॅस लायटरचं बटण दाबलं की आत स्प्रिंगवरची छोटी हातोडी पायझो सिरॅमिकवर आदळते, काही हजार व्होल्ट तयार होतात आणि ठिणगी उडते. त्यात बॅटरी नाही, सेल नाही, आणि तरीही लायटर वर्षानुवर्षं चालतो.

तिसरी पद्धत घर्षणाची. केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ आपण सगळ्यांनीच खेळलाय. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकून दूर झाले की एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण भार जमतो. यावरून अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात झोंग लिन वांग यांच्या गटाने २०१२ मध्ये 'ट्रायबोइलेक्ट्रिक नॅनोजनरेटर' बनवला. त्यावर आज जगभर संशोधन चालू आहे.

म्हणजे तत्त्व शंभर टक्के खरं आहे. रीलमधला एलईडीही खोटा नसतो. गडबड होते ती पुढे.

व्होल्ट बघू नका, ज्यूल बघा

ती पितळी चकती, साधारण २७ मिलिमीटरची, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळते. बझरमध्ये वापरतात तीच. तिच्यावर बोटाने टकटक करा आणि मल्टिमीटर किंवा ऑसिलोस्कोप लावा, १०-२० व्होल्ट सहज दिसतात. फोनचा साधा चार्जर ५ व्होल्टचा, मग चकतीचे २० व्होल्ट त्याच्या चौपट झाले की! बघणारा इथेच फसतो.

व्होल्ट म्हणजे टाकी किती उंचावर आहे. पण टाकीत पाणी किती आहे? तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत चमचाभर पाणी ठेवलं, तर नळाला जोर असेल, पण बादली भरणार नाही. पाणी किती, हे सांगणारं एकक म्हणजे ज्यूल.

आता हिशोब. त्या चकतीची विद्युतधारिता साधारण २० नॅनोफॅरड असते. ती २० व्होल्टपर्यंत भरली तर तिच्यात साठलेली ऊर्जा येते ४ मायक्रोज्यूल, म्हणजे एका ज्यूलचे दहा लाख भाग केले तर त्यातले चार.

आणि फोन? ५,००० एमएएचची बॅटरी, सरासरी ३.८५ व्होल्ट. गुणाकार केला की साधारण १९ वॅट-तास, म्हणजे ६९ हजार ज्यूल.

६९ हजारला ४ मायक्रोज्यूलने भागा. उत्तर येतं सुमारे १,७०० कोटी. सेकंदाला दोनदा टकटक केली, एक ज्यूलही वाया गेला नाही आणि फोन बंद ठेवला, तरी एक फुल चार्ज व्हायला अंदाजे २७० वर्षं लागतील. शिवाजी महाराजांच्या निधनानंतर ७० वर्षांनी सुरू केलं असतं तर आत्ता कुठे शंभर टक्के होत आलं असतं.

मग एलईडी कसा लागतो? एलईडी क्षणभर चमकायला फार थोडी ऊर्जा लागते, आणि अंधारात आपला डोळा तेवढीही पटकन टिपतो. एलईडी लागला यावरून वीज आली एवढंच कळतं, किती आली ते कळत नाही.

मग चांगली चकती, मोठा बूट?

कोणी म्हणेल, ही तर स्वस्तातली चकती. नीट इंजिनिअरिंग केलं तर?

तेही झालंय. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ पॅराडिसो यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या शेवटी बुटात पायझो बसवून पद्धतशीर मोजणी केली. टाचेखाली पायझो सिरॅमिकची रचना बसवली तेव्हा चालताना सरासरी ८.४ मिलीवॅट मिळाले. त्या क्षेत्रात हा आकडा चांगलाच मानला गेला, आणि त्यावर त्यांनी एक छोटा रेडिओ ट्रान्समीटरही चालवून दाखवला. पण आपल्या फोनसाठी? दोन्ही बुटांत बसवलं तर साधारण १७ मिलीवॅट. ६९ हजार ज्यूल जमायला न थांबता, न झोपता सुमारे ४७ दिवस चालायचं. तेवढ्यात पंढरीची वारी आळंदीहून दोनदा करून होईल.

एवढं कमी का? ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. पायझो सिरॅमिक दगडासारखं कडक असतं. तुम्ही ६० किलोंनी त्यावर उभे राहिलात तरी ते केसाच्या जाडीइतकंही दबत नाही. बल भरपूर, पण अंतर जवळजवळ शून्य. गुणाकार शेवटी छोटाच येणार.

अंतर वाढवलं तर वीज वाढते, हेही खरं. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लॉरेन्स रोम यांच्या गटाने चालताना वर-खाली हलणारी पाठपिशवी बनवली आणि ७.४ वॅटपर्यंत वीज काढली. पण पाठीवर २० ते ३८ किलो ओझं होतं. २००८ मध्ये कॅनडातल्या मॅक्स डोनेलन यांच्या गटाने गुडघ्याला बांधायचं यंत्र बनवलं, त्यातून दोन पायांचे मिळून ५ वॅट मिळाले. पण प्रत्येक पायावर १.६ किलोचं यंत्र! सैनिक किंवा डोंगरात आठवडे काढणाऱ्या माणसासाठी याला अर्थ आहे. कॉलेजला जाताना तुम्ही खिशात पॉवर बँकच टाकणार.

स्टेशनवरच्या फरशांचं काय?

दुसरी लोकप्रिय कल्पना: "मुंबई लोकलच्या स्टेशनवर वीज बनवणाऱ्या फरशा लावा, सगळं स्टेशन उजळेल!" अशा फरशा खरोखर आहेत. जपानच्या जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने टोकियो स्टेशनवर अशा जमिनीच्या चाचण्या केल्या होत्या. लंडनची पेवजेन ही कंपनी अशा फरशा विकते. २०१४ मध्ये ब्राझीलच्या रिओमधल्या एका वस्तीतल्या फुटबॉल मैदानाखाली त्यांच्या सुमारे २०० फरशा बसवल्या. तिथल्या दिव्यांसाठी सोबत सोलर पॅनेलही लावले होते, हे मात्र रीलमध्ये कोणी सांगत नाही.

आपण आपल्या स्टेशनचा हिशोब करू. ६० किलोचा माणूस फरशीवर पाय ठेवतो आणि फरशी ५ मिलिमीटर दबते. बल साधारण ६०० न्यूटन, अंतर ०.००५ मीटर. एका पावलाला जास्तीत जास्त ३ ज्यूल. प्रत्येकाने अशा दहा फरशांवर पाय ठेवला आणि दिवसभरात एक लाख माणसं गेली, तर एकूण ३० लाख ज्यूल.

ऐकायला प्रचंड वाटतं. पण महावितरणच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. एक लाख माणसांनी दहा लाख पावलं टाकून एक युनिटही भरलं नाही! तेही वाटेत काहीच वाया गेलं नाही असं धरून. त्याच स्टेशनच्या छपरावर एक किलोवॅटचं सोलर लावलं तर आपल्याकडच्या उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात, आणि कोणाच्या पायाखाली यंत्र दुरुस्त करत बसावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट. ही वीज फुकट नाही. फरशी दबते तेव्हा तुम्हाला पुढचं पाऊल किंचित खड्ड्यातून उचलावं लागतं, वाळूत चालल्यासारखं. ती ऊर्जा तुमच्या सकाळच्या पोह्यांतून येते. रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरमधून वीज काढली तर ती गाडीच्या पेट्रोलमधून येते. जिथे गाडी तसाही ब्रेक मारणारच आहे तिथे ठीक, पण सरळ रस्त्यावर ती चालकाच्या खिशातूनच काढलेली वीज झाली.

मग ही विद्या कामाची कुठे?

इथपर्यंत वाचून वाटेल की सगळंच बकवास आहे. तसं नाही. कंपनांची वीज मोजकीच असते. त्यामुळे तिला गिऱ्हाईकही मोजकं मागणारं हवं. फोन हे फार हावरट गिऱ्हाईक आहे.

क्वार्ट्झ घड्याळाची भूक फोनच्या तुलनेत नगण्य. म्हणूनच जपानच्या सेइको कंपनीने १९८८ मध्ये हाताच्या हालचालीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणलं आणि ते चाललं. आत एक लोलक हाताबरोबर फिरतो, तो छोटा जनरेटर फिरवतो.

दुसरं उदाहरण, भिंतीवरचं बटण. जर्मनीतल्या सीमेन्समधून २००१ मध्ये वेगळी झालेली एनओशन ही कंपनी बिनबॅटरीचे वायरलेस स्विच बनवते. तुम्ही बटण दाबता, आत चुंबकाची दिशा झटकन बदलते, १०० ते २०० मायक्रोज्यूल तयार होतात. फोनसाठी हे काहीच नाही, पण "दिवा लाव" एवढा छोटा रेडिओ संदेश पाठवायला पुरेसं आहे. भिंत फोडून वायर टाकायची गरज नाही, आणि सेल संपायचा प्रश्नच नाही.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात आवडतं, रेल्वेचं. ट्रेनच्या चाकाचं बेअरिंग खराब होऊ लागलं की ते आधी वेगळं थरथरतं आणि गरम होतं. वेळेत कळलं नाही तर अपघात. तिथे सेन्सर लावायचा, पण धावत्या ट्रेनच्या प्रत्येक चाकाजवळ वायर न्यायची कशी? आणि बॅटऱ्या बदलायला माणूस किती वेळा पाठवायचा? इंग्लंडच्या साउथहॅम्प्टन विद्यापीठातून निघालेल्या पर्पेच्युअम या कंपनीने चाकाच्याच कंपनांवर चालणारा सेन्सर बनवला. जी थरथर बेअरिंगची तब्येत सांगते, तीच सेन्सरला वीजही देते. २०२१ मध्ये हिताची रेलने ही कंपनी विकत घेतली.

झोका आणि ठेका

कंपनांमधून जास्तीत जास्त वीज काढायची तर एक युक्ती लागते, अनुनाद. झोक्याला योग्य क्षणी हलका धक्का देत राहिलं की तो उंच जातो, चुकीच्या वेळी कितीही जोर लावा, उपयोग नाही. तसंच इथे. पातळ पट्टीच्या टोकाला छोटं वजन लावतात आणि तिचा स्वतःचा ठेका यंत्राच्या ठेक्याशी जुळवतात.

२००३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमध्ये शाद राउंडी आणि सहकाऱ्यांनी घरातल्या, कारखान्यातल्या वस्तूंची कंपनं मोजली. मायक्रोवेव्ह ओव्हनचं आवरण सेकंदाला सुमारे १२० वेळा थरथरत होतं. १२०च का? अमेरिकेत घरगुती वीज ६० हर्ट्झची असते आणि अशी उपकरणं बहुधा तिच्या दुप्पट ठेक्यावर गुणगुणतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपला ठेका १००. अमेरिकेतल्या मायक्रोवेव्हसाठी जुळवलेली पट्टी इथल्या उपकरणावर लावली तर ती जवळजवळ गप्प बसेल. तिथलं डिझाइन जसंच्या तसं उचलून प्रोजेक्ट करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

त्यांच्या अभ्यासातून एका घन सेंटिमीटरला साधारण २०० मायक्रोवॅटचा अंदाज निघाला. मिनिटभर साठवले तर १२ हजार मायक्रोज्यूल. अर्धे वाया गेले तरी ६ हजार उरतात, आणि ब्लूटूथचा एक छोटा संदेश पाठवायला काही शे मायक्रोज्यूल पुरतात. म्हणजे तो सेन्सर मिनिटाला एकदा तापमान मोजून आरामात कळवू शकतो. ठिबकणाऱ्या नळाखाली हंडा ठेवायचा आणि भरला की वापरायचा, तोच प्रकार. इथे हंड्याचं काम कपॅसिटर करतो.

लोडशेडिंगमध्ये चालणारा कोड

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. मी सॉफ्टवेअर लिहितो, आणि आम्हाला गृहीत धरायची सवय असते की वीज आहेच. पण हंडा रिकामा झाला की हा सेन्सर कोड चालू असतानाच मध्येच बंद पडतो. सेकंदात अनेकदाही पडू शकतो. पुन्हा वीज आली की शून्यापासून सुरुवात केली तर काम कधीच पूर्ण होणार नाही.

म्हणून अशा कोडला ठरावीक टप्प्यांवर "मी इथपर्यंत आलो" अशी नोंद वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत करून ठेवावी लागते. लोडशेडिंगच्या काळात आपण दर पाच मिनिटांनी फाइल सेव्ह करायचो ना, तसंच, फक्त हजारो पटीने वेगात.

२०२० मध्ये अमेरिकेतलं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आणि नेदरलँड्समधलं डेल्फ्ट तंत्रविद्यापीठ यांच्या संशोधकांनी या पद्धतीने बिनबॅटरीचा गेमबॉय बनवून दाखवला. त्याला वीज मिळते समोरच्या सोलर पॅनेलमधून आणि तुम्ही बटणं दाबता त्यातून. चांगल्या उन्हात साधारण दहा सेकंदांच्या खेळामागे एखाद्या सेकंदापेक्षा कमी काळ तो थांबतो आणि मग बरोबर त्याच उडीपासून पुढे सुरू होतो. आवाज नाही, पण गेम खरा आहे.

तर, दादाचं उत्तर

मेसेज करणाऱ्या ज्युनियर्सना मी आता हेच सांगतो. फूटस्टेप पॉवर जनरेशन घ्या, पण फोन चार्ज करून दाखवायच्या मागे लागू नका. एका पावलाला किती मायक्रोज्यूल मिळाले ते कपॅसिटरवर मोजा. त्यावर बिनबॅटरीची दारावरची बेल बनवा, किंवा कॉलेजच्या पंपाच्या मोटरवर १०० हर्ट्झला जुळवलेला तापमान सेन्सर लावा. एलईडीपेक्षा मेहनत जास्त आहे. पण मुलाखतीत "याचा उपयोग काय?" असं विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असेल.

आणि प्रोजेक्ट न करणाऱ्यांसाठी, पुढच्या वेळी "हलवा आणि चार्ज करा" असं काही विकायला आलं, तर पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा. किती व्होल्ट हे सोडून किती वॅट, आणि किती वेळ? ती ऊर्जा मुळात कोणाची, माझ्या पायांची की पेट्रोलची? आणि याच जागी वायर, सोलर किंवा साधा सेल लावला तर जास्त स्वस्त पडेल का?

ट्रेनच्या चाकाजवळचा सेन्सर या तिन्ही प्रश्नांत पास होतो. चार्जिंगचा बूट पहिल्याच प्रश्नाला अडखळतो.